तिसरी पेनी

बाईनं नाणं मुद्दाम पाडलं, हे मर्लला कळलं. वीस सेंटचं नाणं काउंटरवरून घसरलं, लाकडी जमिनीवर आपटलं आणि रिबिनींच्या कपाटाखाली गेलं. "बघ, माझंही तुझ्यासारखंच झालं," बाई म्हणाली आणि सोबतच्या मैत्रिणीला तिनं कोपरानं ढोसलं. मर्ल हसली. अशा वेळी हसायचं एक ठरलेलं हसू तिच्याकडे होतं. बारा वर्षं वापरून वापरून ते पायातल्या जुन्या चपलेसारखं सैल झालं होतं, शोधावं लागत नसे. बटणांच्या त्या लहानशा दुकानात आठवड्यातून एखादं तरी गिऱ्हाईक असं करायचंच. ती गुडघ्यांवर बसली, कपाटाखाली हात घातला, आणि तिथं, गाल जमिनीच्या जवळ असताना, तिच्या लक्षात आलं की आपण हसत नाही आहोत. खाली गारवा होता. धूळ होती, कधीतरी हरवलेलं एक शिंपल्याचं बटण होतं, आणि वरच्या दोघींना आपला चेहरा दिसत नव्हता. नाणं हाताला लागलं तरी ती उठली नाही. उठलं की हसू पुन्हा चढवावं लागणार. अठ्ठावन्न वर्षांची बाई दुकानाच्या जमिनीवर ओणवी होऊन उठायचं नाकारते आहे, हे तिला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं. "सापडलं का गं?" वरून आवाज आला. तेवढ्यात फोन वाजला, म्हणून तिला उठावं लागलं.

फोन टीव्हीच्या कचेरीतून होता. जोन प्रिडी नावाची मुलगी बोलत होती, आवाज तरुण आणि सभ्य. रेक्स डेलाहंटच्या दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमाला वीस वर्षं पूर्ण होत होती. प्रेक्षकांना पत्रं पाठवायला सांगितलं होतं, त्यांचे सगळ्यांत आवडते क्षण कोणते म्हणून. मर्लचा क्षण दुसरा आला होता. पहिला आला होता तो मंत्र्याच्या मांडीवर मुतणारा कोआला. मंत्री आता यायला तयार नव्हते आणि कोआला मेला होता, त्यामुळे सगळी मदार मर्लवर होती. जोननं हे अगदी मनापासून, कौतुकानं सांगितलं. मर्लनं यायचं, तीच तीन नाण्यांची जादू करायची, तिसऱ्या नाण्याला रेक्स हात धरील, नाणं पडेल, झालं. मिस्टर किनेननाही आणायचं, प्रेक्षकांत त्याच जागी बसवू. "पुन्हा पाडायचं?" मर्लनं विचारलं. "पुन्हा. लोकांना तेच हवंय हो, मिसेस किनेन." काउंटरपाशी त्या दोघी अजून उभ्या होत्या, वीस सेंटची वाट बघत. मर्लनं मुठीतल्या नाण्यावर अंगठा फिरवला. "येईन मी," ती म्हणाली. का म्हणाली, ते तिला कळलं नाही. मात्र फोन ठेवल्यावर तिनं त्या बाईला नाणं दिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि बाईनं ते मुकाट्यानं पर्समध्ये टाकलं.

सदुसष्ट साली घडलं ते असं. त्याच्या आदल्या वर्षी जुन्या तांब्याच्या पेन्या चलनातून गेल्या होत्या आणि डॉलर आले होते. मर्लनं मात्र आपल्या तीन पेन्या सोडल्या नव्हत्या, कारण त्यांच्याएवढं रुंद आणि तळहातात नीट बसणारं नाणं नव्या पैशांत नव्हतंच. एका बाजूला कांगारू, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. ती तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. इस्पितळांच्या वॉर्डांत, माजी सैनिकांच्या क्लबांत, चर्चच्या चहापानांत ती जादू करायची. मोठ्या पेट्या नाहीत, कबुतरं नाहीत, एक टेबल आणि दोन हात. बघणारा इतका जवळ हवा की त्याच्या श्वासाचा वास यावा. कुणीतरी तिचं नाव टीव्हीवाल्यांना कळवलं. तिनं निळा पोशाख शिवून घेतला. डाव्या मुठीतल्या तीन पेन्या एकेक करून उजव्या मुठीत जायच्या, एवढीच जादू. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीच्या वेळी रेक्स पुढे झुकला, तिचं डावं मनगट त्यानं पकडलं आणि हसत हसत तिची बोटं एकेक करून उघडायला लागला. शेंगा सोलाव्यात तशी. तिनं जोर लावला असता तर झटापट झाली असती, म्हणून तिनं जोर लावला नाही. पेनी काचेच्या टेबलावर पडली, उभी राहिली, गोल फिरत फिरत थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं गेली. "साबण राहिला वाटतं हाताला," रेक्स म्हणाला. "जा राणी, भांडी पुरी करून ये." सगळं सभागृह हसलं. आणि कॅमेऱ्यानं तेवढ्यात प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसलेला क्लिफ शोधून काढला, तिचा नवरा, डोकं मागे टाकून हसत असलेला. ती हसली ती त्यानंतर. कारण पडद्यावर क्लिफ हसताना दिसला, तेव्हा न हसणारी ती एकटीच उरली होती.

तेव्हापासून दर नाताळात ते दाखवत. त्या चित्रात तिचा निळा पोशाख करडा दिसे आणि क्लिफचे दात पांढरेशुभ्र. ट्रॅममध्ये लोक ओळखत, खाटकाकडे ओळखत. मर्ल किती खिलाडू आहे, असं सगळे म्हणत. या देशात माणसाला तुम्ही काहीही म्हणा, कंजूष म्हणा, दारुडा म्हणा, पण खिलाडू नाही असं म्हटलंत तर तो आयुष्यातून उठतो. तिनं खिलाडूपणा निभावला. वॉर्डांतली बोलावणी मात्र हळूहळू बदलत गेली. जादू करा म्हणण्याऐवजी लोक "ती टीव्हीवरची गंमत करा" म्हणायला लागले, पेनी पाडून दाखवा म्हणायला लागले. एकदोनदा तिनं पाडलीही. मग तिनं जाणंच सोडलं आणि बटणांच्या दुकानात लागली. रेक्सवर तिचा फारसा राग नव्हता. तो त्याचा धंदा करत होता, आणि नंतर त्यानं फुलं पाठवली होती. राग होता तो तिसऱ्या रांगेवर. पण ज्या माणसाबरोबर रोज एका टेबलावर जेवायचं त्याला, तू तेव्हा का हसलास, हे कसं विचारायचं? तू खिलाडू नाहीस, असंच तो म्हणाला असता. किंवा तसं काही न म्हणता नुसता खजील झाला असता, आणि मग तिलाच त्याची समजूत घालावी लागली असती. क्लिफ वाईट माणूस नव्हता. तेहेतीस वर्षं ट्रॅम चालवली, घरी पगार आणला, तिच्या खोकल्याला घाबरून रात्री खिडक्या तपासत हिंडला. म्हणूनच ते विचारणं आणखी अवघड होऊन बसलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं त्याला फोनची गोष्ट सांगितली तेव्हा तो लॉनवरच्या बोलिंगच्या क्लबातून नुकताच आला होता, पांढऱ्या पँटच्या गुडघ्यांना हिरवळीचा डाग. तो बराच वेळ बूट सोडत राहिला. मग म्हणाला, जाऊ नये असं त्याला वाटतं. मग म्हणाला, किंवा जावंच, एकदाचं हसून टाकावं, म्हणजे विषय मिटेल. कुणाचा विषय, असं तिनं विचारलं नाही. तिनं फक्त सांगितलं की त्यालाही बोलावलंय, त्याच जागेवर. क्लिफच्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली. "तिथंच का पण?" तो म्हणाला. "त्यांना तू हसायला हवायस," मर्ल म्हणाली, आणि बटाटे बघायला आत गेली.

पुढच्या तीन आठवड्यांत तिनं पेन्या बाहेर काढल्या. बोटं जड झाली होती, उजव्या अंगठ्याच्या सांध्यात कळ यायची. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरखाली हात ठेवून बसायची, आणि तसं बसलं की तिला तो दूरच्या टेकडीवरच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळाचा व्हरांडा आठवायचा. त्रेचाळीस साल. ती बावीस वर्षांची. उघड्या व्हरांड्यात ओळीनं खाटा, थंडीत पहाटे कांबळ्यांवर दंव, समोर निलगिरीची झाडं आणि त्यांत ओरडणारे मॅगपाय पक्षी. वाचायचं नाही, विणायचं नाही, उठून बसायचं नाही. फुप्फुसाला विश्रांती म्हणजे माणसानं फळीसारखं पडून राहायचं, अठरा महिने. शेजारच्या खाटेवर आयडा रस्क. तंबूतल्या खेळांत नाण्यांची जादू करत गावोगाव हिंडलेली, पन्नाशीची, आवाज घोगरा, तोंड फाटकं. तिनं कांबळ्याखाली दोन पेन्या लपवून ठेवल्या होत्या. परिचारिका फेरी मारून गेली की ती एक मर्लकडे सरकवायची. बघायचं नाही, नुसतं बोटांनी ऐकायचं, असं ती सांगायची. सगळ्या मूर्खांना वाटतं की नाणं लपवायचं असतं. नाणं नाही, हात लपवायचा. तो झोपला आहे असं दिसलं पाहिजे, आणि जागा राहिला पाहिजे. "तुला तर सोपं आहे, पोरी," आयडा म्हणाली होती. "तुला इथं मेल्यासारखं पडायला शिकवतातच आहेत. त्यांच्याच पैशांत शिकून घे." मर्ल शिकली. छातीत गरम लोखंड फिरवल्यासारखं व्हायचं, ताप चढायचा, आणि कांबळ्याखाली तिचा तळहात एका नाण्याभोवती सावकाश मिटायचा, उघडायचा. जगात तेवढीच एक गोष्ट तिच्या मर्जीनं होत होती. ऑगस्टमधल्या एका सकाळी आयडाच्या खाटेवर नवी चादर ताणून घातलेली होती. पेन्या नातेवाइकांकडे गेल्या असणार. मर्लनं मग परिचारिकेकडून टपालाच्या तिकिटासाठी म्हणून एक पेनी मागून घेतली आणि तिकीट काही मागवलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी रंगभूषेच्या खोलीत तिला आरशापुढे बसवलं. तिथल्या बाईनं चेहरा झाला की पावडरचा पफ तिच्या हातांकडे आणला. आता टीव्ही रंगीत होता, हातांवरचे डाग दिसतील, कॅमेरा अगदी जवळ येणार आहे. "हातांना नको," मर्ल म्हणाली. डाग दिसतील, बाई पुन्हा म्हणाली. "दिसू देत," मर्ल म्हणाली आणि हात मांडीवर उपडे ठेवले. पावडर लागली की नाणं सुटतं, हे तिनं सांगितलं नाही. आज नाणं सुटायचंच तर होतं, मग तिला काय अडचण आहे, असं त्या बाईनं विचारलं असतं. रंगीत तालमीत मर्लनं, तिला सांगितलं होतं तसं, सगळं केलं. रेक्स अजून आला नव्हता, त्याच्या खुर्चीत जोन बसली होती. जोननं तिचं मनगट हळूच, जवळजवळ माफी मागत धरलं, आणि मर्लनं पेनी सोडली. ती सरळ खाली पडली, फिरली नाही. "फिरली असती तर छान झालं असतं," मागून कुणीतरी म्हणालं. जोन म्हणाली, प्रत्यक्षात फिरेल. मर्ल म्हणाली, बघू.

रेक्स डेलाहंट म्हातारा झाला होता. केस रंगवलेले, मानेची कातडी कॉलरमधून बाहेर आलेली. त्यानं तिला मिठी मारली, गालाचा मुका घेतला, आणि खरोखर आनंदानं म्हणाला की तिच्यासारखी दुसरी बाई त्याच्या वीस वर्षांत आली नाही. दिवे लागले. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते आणि कार्यक्रम थेट जात होता, म्हणजे या क्षणी स्वयंपाकघरांत, इस्त्रीच्या टेबलांशी, इस्पितळांतल्या खाटांवर बायका बघत होत्या. आधी जुनं चित्र दाखवलं. बाजूच्या पडद्यावर करड्या पोशाखातली एक बाई हसत होती. ती हसायला किती उशीर लावते, हे मर्लला आज पहिल्यांदा दिसलं. मधले दोन-तीन क्षण तिचा चेहरा नुसताच उघडा होता, दार लावायला विसरलेल्या घरासारखा. मग क्लिफचे दात आले. सभागृह हसलं. तिनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही. "काय मर्ल," रेक्स म्हणाला, "आज तरी हात विसळून आलीस का?" पुन्हा हसू. तिनं बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि तीन पेन्या काचेवर मांडल्या.

पहिली गेली. हे तिला वजनावरून कळलं, उजव्या मुठीत एकट्या नाण्याचा आवाज नसतो. दुसरी गेली, आणि तांब्यावर तांबं खणकलं. सांध्यातली कळ कुठं गेली कोण जाणे. डावी मूठ तिनं टेबलावर ठेवली, अंगठा वर, आणि तेवढ्यात रेक्सचा हात आला. बोटांत सोन्याची अंगठी, नखं पॉलिश केलेली. तो तिच्या मनगटापासून वीतभर अंतरावर असताना ती म्हणाली, "हात मागे घे, रेक्स."

आवाज साधा होता. दूधवाल्याला बाटल्या कुठं ठेवायच्या ते सांगावं तसा. रेक्सचा हात थबकला आणि तो प्रेक्षकांकडे वळला. "ऐकलंत?" तो म्हणाला. "घरी बिचाऱ्या क्लिफचं काय होत असेल!" लोक हसले. तो हसू पुरतं ओसरेपर्यंत थांबला, कसलेला माणूस होता, आणि मग हात पुन्हा पुढे आला. मर्लनं मूठ हलवली नाही. "हात मागे घे," ती पुन्हा म्हणाली. या वेळी हसू आलं ते तुटक, इथून थोडं, तिथून थोडं, आणि मध्येच बंद पडलं. मग काहीच नाही. कॅमेऱ्यामागे जोन बोट गोल गोल फिरवत होती, पुढे चला, पुढे चला. थेट कार्यक्रमात दहा सेकंदांची शांतता म्हणजे केवढी असते, हे तिथल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कॅमेरामन यंत्रामागून डोकं काढून बघायला लागला. मर्लला त्या शांततेचं काही वाटलं नाही. ती तिच्या ओळखीची होती. ती त्या शांततेत अठरा महिने राहिली होती, कांबळ्यावर दंव घेऊन. रेक्स तिथं एक दिवसही राहिला नव्हता. त्याच्या वरच्या ओठावर रंगाखालून घाम फुटलेला तिला दिसला, आणि त्याच्याबद्दल थोडं वाईटही वाटलं. पण ते वाईट वाटणं तिनं तसंच राहू दिलं, त्याच्यासाठी काही केलं नाही. तो तिच्याकडे झुकला. ओठ न हलवता, फक्त तिला ऐकू जाईल असं पुटपुटला, "जाहिरात आहे गं पुढं. वेळ नाहीये."

"मला आहे," मर्ल म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

रेक्सनं हात मागे घेतला. कुठं ठेवावा हे त्याला क्षणभर समजेना, मग त्यानं तो स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, आणि दुसरा हात त्याच्यावर. बाजूच्या पडद्यावर, ठरलं होतं त्याप्रमाणे, क्लिफ आला. हसण्याची जागा होती ना ही. रंगीत क्लिफ, गालांवर लाल शिरा, दोन्ही हातांनी टोपी छातीशी धरलेली, तोंड मिटलेलं. कॅमेरा त्याच्यावर जरा जास्तच वेळ राहिला. मग घाईघाईनं तिच्या हातांवर आला, डागांवर आला. तिनं डावी मूठ उघडली, एकेक बोट, स्वतःचं स्वतः. करंगळी, अनामिका, मधलं. तळहात रिकामा होता. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, बोटं फाकली. मग उजवा हात काचेवर कलता केला आणि तीन पेन्या एकापाठोपाठ एक बाहेर आल्या, आणि जिथं पडल्या तिथंच राहिल्या.

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मागच्या रांगेत कुणी बाई "हं" असं म्हणाली, एखादा हिशोब जुळल्यावर म्हणावं तसं, आणि मग काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही. पुढच्या रांगेतल्या दोघीजणी एकमेकींकडे बघत होत्या, मजा गेल्यासारख्या. रेक्स नाण्यांकडे बघत होता. "कसं केलंस?" तो म्हणाला, आणि ते कार्यक्रमासाठी नव्हतं. मग तो सावरला. त्याचा चेहरा पुन्हा जागेवर आला आणि तो कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला की शहाणा माणूस बायकांशी वाद घालत नाही. त्यावर सगळे भरपूर हसले, सुटल्यासारखे. मार्गारिनची जाहिरात लागली. मर्लनं पेन्या उचलल्या, बाह्या खाली घेतल्या आणि कुणी उठ म्हणायच्या आत उठली.

बोळात जोननं तिला गाठलं. ती रागावली होती, पण सभ्यपणा सुटला नव्हता. फोन यायला लागलेत, ती म्हणाली, लोक विचारतायत हे काय होतं, एवढी साधी गंमत घेता येत नाही का. एक-दोन चांगलेही आले, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. "पण मिसेस किनेन, तुम्ही कबूल केलं होतं."

"मी येईन म्हटलं होतं," मर्ल म्हणाली. "पाडीन असं म्हटलं नव्हतं."

जोनला काहीतरी आणखी म्हणायचं होतं, पण आतून तिला हाक आली आणि ती गेली. मर्लला दार आपलं आपणच शोधावं लागलं. बाहेर ऊन इतकं होतं की डोळे मिटावेत. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली, आणि आत कुठंतरी खोल, फुप्फुसाच्या जुन्या वणाच्याही खाली, काहीतरी हसत होतं. ते हसू चेहऱ्यावर आणायची तिला गरज वाटली नाही.

क्लिफ गाडी घेऊन आला. त्यानं तिच्यासाठी आतून दार उघडलं, टोपी मागच्या सीटवर टाकली. पूल गेला, गोदामं गेली, दुपारच्या गाड्यांच्या गर्दीत ते इंचाइंचानं सरकत होते. ट्रॅम चालवणाऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या मागे थांबून राहणं कधीच जमलं नव्हतं, एरवी तो एव्हाना चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. आज त्याचे हात स्टिअरिंगवर शेजारी शेजारी होते, शाळेतल्या पोरासारखे. लाल दिव्याशी गाडी थांबली.

"मी तेव्हा हसलो होतो," क्लिफ म्हणाला.

बारा वर्षांत तिनं या वाक्याची उत्तरं तयार केली होती. मोरीत केली होती, दुकानात बटणं निवडताना केली होती, त्याच्या शेजारी अंधारात पडून केली होती. काही लांब होती, काही एका शब्दाची, एकदोन तर अतिशय सुरेख. त्यांतलं एकही आता जवळ आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "दात दिसत होते."

त्यानं मान हलवली. तो रस्त्याकडे बघत राहिला, आणि ती त्याच्याकडे. कुशीवर वळलेल्या त्याच्या पाठीइतकाच हा चेहरा तिच्या ओळखीचा होता, आणि तरी आता या उन्हात तो तिला कुणा परक्याचा, नीट बघण्यासारखा वाटला. अशा वेळी बायका दोन शब्द बोलतात. तेही तिच्या जिभेवर आले होते, सवयीनं, कुणी न बोलावता. जाऊ दे. ते म्हटलं असतं की त्यानं श्वास सोडला असता, दिवा बदलला असता आणि घरी जाऊन दोघांनी चहा घेतला असता. दिवा बदललाच. क्लिफ हलला नाही. तो वाट बघत होता. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला, मग तिच्या मागच्यानं.

ती ‘जाऊ दे’ म्हणाली नाही. हॉर्न वाजत होते. तिनं ते वाजू दिले.